हातोडीबाईंचा लिफाफा

माझ्या नणंदेला सूड घेता येतो, हे मला लग्नानंतर सोळा वर्षांनी कळलं. तोपर्यंत माझी पक्की समजूत होती की या बाईला राग नावाची चीज जन्मतः मिळालेलीच नाही. चहात साखर घालायला मी विसरले तरी गुपचूप पिऊन कप धुऊन ठेवणार. मी पदर खोचून भांडायला उभी राहिले की "बरं" म्हणून आपल्या खोलीत निघून जाणार. अशा माणसाशी धड भांडता येत नाही, आणि भांडण नाही म्हणून धड मैत्रीही होत नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात. नोकरीही आमची एकाच कारखान्यात, कापड रंगवण्याच्या. मी खाली घडी खात्यात, त्या वर रंगखोलीत.

रंगखोली म्हणजे कारखान्याचा डोळा. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा पाठवतं आणि म्हणतं, असाच रंग हवा. मग वन्सं चिमटीचिमटीनं रंग तोलणार, लहान लहान स्टीलच्या भांड्यांत उकळणार, तुकडा बुडवून, वाळवून, मूळ तुकड्याशेजारी ठेवून बघणार. आधी दिव्याच्या पेटीत, मग खिडकीशी उजेडात. दोन्हीकडे जुळला तरच कार्डावर पेन्सिलीनं सही. ती सही झाल्याशिवाय खाली एक मीटर कापड भिजत नाही.

या खोलीत एक नियम आहे. रंगाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. एकाचा निळा तो दुसऱ्याचा आकाशी, आणि त्यावरून दिवसभर जुंपते, म्हणून सगळं नंबरानं चालतं. सव्वीस, बेचाळीस, एकशे नऊ. जो कुणी खोलीत नुसतं रंगाचं नाव घेईल त्यानं त्या दिवसाची सगळी भांडी घासायची. दारावर तशी पाटीच आहे. भांडं नीट निघालं की नाही ते बघायला ओली पांढरी चिंधी आतून फिरवतात. चिंधीला रंगाचा ठिपका लागला तर भांडं परत मोरीत. हा नियम कुणालाच चुकलेला नाही. एकदा खुद्द मालकीणबाई बोलता बोलता "गुलाबी" म्हणून गेल्या, तर त्यांनी बोटांतल्या अंगठ्या काढून खिडकीत ठेवल्या आणि सगळी भांडी घासली. ती गोष्ट आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात.

रंगखोलीचे जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा वन्संची तिथे एकोणीस वर्षं झाली होती. प्रमुख त्याच होणार यात कुणाला शंका नव्हती. मी तर शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. पण नेमणुका कामगार खात्याच्या साहेबांच्या हातात, आणि त्या साहेबांना सगळे म्हणायचे मनकवडे.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. दरवर्षीच्या मेळाव्यात ते स्टेजवर उभे राहून कुणालातरी वर बोलवायचे आणि बोटं वाजवत विचारायचे, पटकन सांग, एक फूल! एक रंग! मग खिशातून बंद लिफाफा काढायचे. आत तेच लिहिलेलं. लोक टाळ्या पिटायचे. मीही पिटल्या आहेत, खोटं कशाला बोलू? पुढे पुढे साहेबांना हे इतकं चढलं की मुलाखतीही ते याच खेळावर घ्यायला लागले. माणूस तीन शब्दांत ओळखता येतो म्हणे.

वन्सं मुलाखतीला गेल्या. आत चार माणसं बसलेली. साहेबांनी कामाचं एक अक्षर विचारलं नाही.

"विचार करायचा नाही हं बाई. एक फूल!"

"गुलाब."

"रंग!"

"लाल."

"हत्यार!"

"हातोडी."

साहेबांनी टेबलावरचा लिफाफा फोडून चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. तेच तीन शब्द, त्याच क्रमानं.

"तुम्ही दारातून आत यायच्या आधी मला तुमचं उत्तर माहीत होतं," साहेब म्हणाले. "रस्त्यावरचा कुणीही हेच सांगेल. प्रमुखाला जरा वेगळा विचार लागतो, बाई."

चौघं हसले. वेगळा विचार साहेबांच्या मेहुण्याकडे निघाला. हा मेहुणा त्याआधी चपलांच्या दुकानात होता. सोमवारी तो प्रमुखाच्या खुर्चीत बसला आणि दुपारी वन्संना म्हणाला, "विचाराचं मी बघतो, भांड्यांचं तुम्ही बघा." पुढची दोन वर्षं, कुणी नाव घेवो न घेवो, भांडी वन्संनीच घासली. आणि कारखान्यात त्यांचं नाव पडलं हातोडीबाई. गेटवरचा रखवालदारसुद्धा म्हणायचा, "आल्या का हातोडीबाई?" मला असं वाटायचं की त्याच्या टाळक्यात खरीच हातोडी घालावी.

मुलाखतीच्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. जरा चिडूनच विचारलं, "वन्सं, अहो तुम्ही लाल म्हणालात? तुम्ही? तुम्हाला एकोणचाळीस लाल वेगळे ओळखता येतात!"

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या तोंडात सव्वीस आलं होतं."

"मग?"

"म्हटलं, साहेबांना सव्वीस कुठून कळणार? त्यांना कळेल असं बोलावं."

म्हणजे बाईनं समोरच्याची सोय बघितली, आणि त्यानं तीच तिच्या तोंडावर मारली. त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं रडतायत. वाकून बघितलं तर डोळे कोरडे ठणठणीत, आणि दातावर दात. ती चिठ्ठी त्यांनी घडी करून बटव्यात ठेवली होती. त्या दिवसापासून मला माझी नणंद आवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक शंभरपानी वही आणली आणि माणसं गाठायला सुरुवात केली. शेजारीण, शिंपी, बसचा कंडक्टर, दाताचा डॉक्टर. डॉक्टरला तर त्यांनी तोंड उघडायच्या आधी विचारलं. पटकन सांगा, एक फूल! माझे मिस्टर, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, दर वेळी छाती काढून गुलाब, लाल, हातोडी असंच सांगायचे. दहाव्या वेळीही तेच, वर "बघ, माझं उत्तर पक्कं असतं." वही भरत गेली. दोनशे बारा माणसांत गुलाब एकशे पन्नासच्या घरात, आणि लालही तेवढाच. मनकवडेपणा तो एवढाच. बोटं वाजवून घाई केली की माणूस पहिलं हाताला लागेल ते उचलतो. त्यात साहेब कोटाच्या खिशात लालभडक रुमाल खोचायचे. दिसेल असा.

"झालं तर मग! चार लोकांत सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगून काय होणार? हसतील आणि चहा प्यायला जातील." त्यांनी वहीचं पान उलटलं. "मला त्यांचं उत्तर हवंय. साहेबांचं."

मग त्यांनी प्रश्न बदलला. आता त्या म्हणायच्या, सगळे सांगतात ते सांगू नका, काहीतरी वेगळं सांगा. आणि गंमत बघा, वेगळं सांगायला निघालेली माणसंही घोळक्यानंच निघाली. बरेच जण कमळ म्हणाले, बरेच करवत. रंगात मात्र जमेना. कुणी जांभळा, कुणी पोपटी, कुणी करडा. एक गोष्ट तेवढी वन्संच्या नजरेत भरली. घाई केली की उत्तर सुचत नसलेला माणूस वर बघतो, आणि समोर जे असेल तेच त्याच्या तोंडून निघतं. शिंपी पोपटी म्हणाला तेव्हा त्याच्या समोर पोपटी ब्लाउज टांगलेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, छे, मनातलं सांगितलं.

एवढ्यात गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला.

बेचाळीस नंबरचं आठशे मीटर कापड. एका मोठ्या शाळेच्या गणवेशाचं, निळं हवं होतं. मेहुण्यानं नमुना फक्त दिव्याच्या पेटीत बघितला आणि कार्डावर सही ठोकली. खिडकीपाशी न्यायचे कष्ट कोण घेणार? वन्संनी सांगितलं होतं, उजेडात हा पलटी खातोय. त्यावर तो म्हणाला, भांडी झाली का? कापड गिऱ्हाइकाकडे गेलं, उन्हात उघडलं, आणि जांभळं निघालं. दिव्याखाली निळं, उन्हात जांभळं, असं होतं कधी कधी. म्हणून तर खिडकी असते.

आता साहेबांनी मेहुण्याला पाठीशी घातलं. लेखी अहवाल दिला की कापड निळंच आहे, आपण स्वतः तपासलं आहे, गिऱ्हाईक खोड काढतंय. आणि यात काही चूक असलीच तर मिश्रण करणाऱ्या बाईची, तिला कामावरून कमी करावं. मालकीणबाईंनी स्वतः बघून निकाल दिला असता, पण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या स्वतःच म्हणायच्या, मला आता सगळं जगच निळसर दिसतं. त्यामुळे त्यांना कुणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवणं भाग होतं. वन्सं बोलल्या तर ते आरोपीचं बोलणं. आणि आम्ही बाकीचे बोलणार कसे? आमचा करार दरवर्षी साहेबांच्या सहीनं पुढे सरकतो. मी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते. निकाल मेळाव्यानंतरच्या सोमवारी लागणार होता.

मेळाव्याच्या आठवड्यात वन्सं मालकीणबाईंना भेटायला गेल्या. मला वाटलं, गयावया करायला. आल्या त्या गोदामाची किल्ली घेऊन.

"परत आलेल्या कापडाचे पडदे करू म्हटलं हॉलला. नाहीतरी पडूनच आहे."

हॉलच्या मागच्या भिंतीला, स्टेजच्या बरोबर समोर, ते कापड आम्ही दोघींनी छतापासून जमिनीपर्यंत टांगलं. इस्त्री मी केली. वायरमनला मी बजावलं, दिवसाढवळ्या ट्यूब लावायच्या नाहीत, उघडा त्या खिडक्या. लोक बसणार ते भिंतीकडे पाठ करून. पडदे दिसणार ते फक्त स्टेजवरच्या माणसाला.

साहेबांनी तासभर भाषण केलं. तासभर त्या भिंतीकडे तोंड करून. कापडाच्या कारखान्यात अकरा वर्षं काढलेला माणूस, पण समोर काय टांगलंय ते त्याच्या डोळ्यांना दिसलं असेल तेवढंच, डोक्यात शिरलं नाही. गोदामात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मेहुणा उशिरा आला तो मान खाली घालून थेट पहिल्या रांगेत.

मग खेळाची वेळ झाली. साहेबांनी लाल रुमाल झटकला आणि हसत म्हणाले, "यंदा आपल्या हातोडीबाईंना बोलवू या का? परत कधी योग येतो कुणास ठाऊक!"

सगळा हॉल हसला. सोमवारी काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, तरी हसला. वन्सं पायऱ्या चढून वर गेल्या.

"साहेब, दरवर्षी तुम्ही विचारता. आज मी विचारू?"

"विचारा की! पण लिफाफा लागतो, बाई."

"तो सकाळपासून मालकीणबाईंच्या पर्समध्ये आहे."

मालकीणबाईंनी खुर्चीतूनच पर्स उचलून दाखवली. साहेबांचं हसू जरा आखडलं, पण एवढ्या माणसांत माघार कशी घेणार?

"एकच अट," वन्सं म्हणाल्या. "प्रमुखाला वेगळा विचार लागतो, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा गुलाब, लाल, हातोडी सोडून. विचार करायचा नाही." आणि माझ्या या गरीब नणंदेनं साहेबांच्या नाकापुढे बोटं वाजवली. "फूल!"

"सूर्यफूल!"

"हत्यार!"

"करवत!"

"रंग!"

साहेबांची नजर वर उचलली गेली, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे. "जांभळा!"

मालकीणबाईंनी लिफाफा फोडला, चष्मा लावला. "फूल, कमळ." चुकलं! हॉलमध्ये हशा पिकला, साहेबांनी वाकून नमस्कार केला. "हत्यार, करवत." हशा जरा ओसरला. मग मालकीणबाई थांबल्या, कागद जवळ धरला, आणि सावकाश वाचलं. "रंग, जांभळा. समोरच्या भिंतीवरच्या पडद्याचा."

तीनशे माना एकदम मागे वळल्या.

"मालकीणबाई," वन्सं म्हणाल्या, "ते पडदे म्हणजे परत आलेला लॉट. निळा आहे असं साहेबांनी लेखी दिलंय."

साहेब म्हणाले, "मी पडद्याचं नाही बोललो. असंच, मनातलं सांगितलं."

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "मग आता पडद्याचं सांगा."

पहिल्या रांगेतून मेहुणा ओरडला, "दिव्याखाली बघा, दिव्याखाली! रंगखोलीत चला!" शहाणा माणूस अशा वेळी गप्प बसतो, पण त्याला कोण सांगणार?

गेलो सगळे रंगखोलीत. म्हणजे आत मावले तेवढे, बाकीचे जिन्यावर. मी कोपर मारून आत घुसले. मेहुण्यानं कापडाचा तुकडा दिव्याच्या पेटीत ठेवला.

"कोणता?" मालकीणबाईंनी साहेबांना विचारलं.

"निळा," साहेब घाईघाईनं म्हणाले. "बघा, मी म्हणत होतो, निळा!"

वन्संनी तोच तुकडा उचलून खिडकीत धरला.

"आणि इथे?"

साहेबांनी बघितलं. मेहुण्याकडे बघितलं. जिन्यावरची माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली होती. "जांभळा," ते म्हणाले, पण इतक्या बारीक आवाजात की मालकीणबाईंनी पुन्हा म्हणायला लावलं.

अहवालाचं जे व्हायचं ते तिथेच झालं. मेहुणा चपलांकडे परत गेला. मालकीणबाईंनी त्याच्या खिशातली पेन्सिल काढून वन्संच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आणखी काही हवंय का तुम्हाला?"

मला वाटलं होतं, आता या "बरं" म्हणतील. वन्संनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं, आणि मग मोरीतल्या भांड्यांकडे. मेळाव्याच्या गडबडीत आदल्या दिवसाची राहून गेली होती. सदतीस होती.

"मी?" साहेब म्हणाले. "मी इथला कामगार नाही!"

"मीही नव्हते," मालकीणबाई म्हणाल्या. "मी घासली. आणि मी एकच नाव घेतलं होतं. अंगठ्या तिथे खिडकीत ठेवा."

साहेबांनी कोट काढला. लाल रुमाल खिशातून मोरीत पडला, कुणी उचलून दिला नाही. सदतीस भांडी घासायला त्यांना पाऊण तास लागला. कोपरापर्यंत हात रंगले, सोडा बोटांना झोंबत होता, आणि जिन्यावरचं एकही माणूस हललं नाही. मीही हलले नाही. मला त्यांची दया यायला हवी होती, तशी रीत आहे. मला आली नाही. त्या प्रत्येक भांड्याचा खरवडण्याचा आवाज मला गोड लागत होता.

वन्संनी ओली चिंधी फिरवून बघितली आणि वर करून दाखवली. निळसर पट्टे उमटले होते.

"पुन्हा घासा."

साहेबांनी दुसऱ्यांदा घासली. वन्संनी नवी चिंधी घेतली, एकेका भांड्यातून फिरवली, खिडकीकडे पाठ करून बघितली, आणि मुठीत धरली.

"पुन्हा घासा."

तिसऱ्यांदा झाल्यावर त्या म्हणाल्या, "जा आता." साहेबांच्या नखांतला रंग पंधरा दिवस निघाला नाही. सही करताना ते टेबलाखाली हात लपवायचे म्हणे. महिन्याभरात त्यांनी दुसरीकडे नोकरी बघितली. जाताना गेटवरच्या रखवालदारानं त्यांना विचारलं, "साहेब, पटकन सांगा, एक रंग?"

मेळाव्याच्या संध्याकाळी मी चहा घेऊन वन्संच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून बटवा रिकामा करत होत्या. मुलाखतीची ती जुनी चिठ्ठी निघाली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या वेळची चिंधी. मी ती उलगडून दिव्यापाशी धरली, मग सवयीनं खिडकीपाशी नेली. पांढरी स्वच्छ होती. एक ठिपका नाही.

"अहो, भांडी तर निघाली होती! मग तिसऱ्यांदा कशाला?"

"ती खेप हातोडीसाठी," वन्सं म्हणाल्या. मग चहाचा एक घोट घेतला आणि कप माझ्या हातात परत दिला. "आणि साखर घाल यात. सोळा वर्षं सांगीन सांगीन म्हणतेय."